जास्त शोषणारा टॅम्पॉन जास्त चांगला का?

टॅम्पॉन म्हणजे कापूस किंवा रेयॉनचे तंतू घट्ट दाबून केलेली, दोरा जोडलेली छोटी गुंडाळी. पाकिटावरचे ‘रेग्युलर’, ‘सुपर’ हे शब्द वयासाठी नसून शोषणक्षमतेसाठी असतात: अमेरिकी मानकात रेग्युलर ६ ते ९ ग्रॅम, सुपर ९ ते १२. ‘सुपर लावला की दिवसभर निर्धास्त’ हा समज मात्र धोक्याचा. फोमचे तुकडे भरलेला ‘रिलाय’ हा अतिशोषक टॅम्पॉन अमेरिकेत १९८० मध्ये मागे घ्यावा लागला; त्याचा संबंध टॉक्सिक शॉक सिंड्रोमशी, म्हणजे स्टॅफिलोकॉकस जंतूच्या विषामुळे होणाऱ्या दुर्मीळ पण जीवघेण्या आजाराशी, आढळला होता. तुमच्या स्रावाला पुरेल इतक्याच शोषणाचा टॅम्पॉन घ्या आणि तो ४ ते ८ तासांत बदला. अचानक ताप, उलट्या, चक्कर किंवा पुरळ आल्यास तो काढून लगेच रुग्णालय गाठा. टॅम्पॉन वापरल्याचे डॉक्टरांना न लाजता सांगा.