तिसऱ्याला बसवायचे कोठे?
फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या वाहन प्रदर्शनात जपानच्या माझदा कंपनीने एक छोटी, उघड्या छताची मोटार मांडली. मायदेशी तिचे नाव युनोस रोडस्टर. १.६ लिटरचे इंजिन, वजन एक टनाहून कमी आणि आसने दोनच. घोडा व स्वार यांचे एकरूपत्व, अर्थात 'जिनबा इत्ताई', हे तिच्या रचनेमागील सूत्र.

पण घरात पाळणा हलला की तिसऱ्याला बसवायचे कोठे? कोणी ती जड अंतःकरणाने विकली, तर कोणी आच्छादन घालून ठेवून दिली. पुढे शाळेची फी, घराचे हप्ते. मुले मार्गी लागेपर्यंत मालकांचे केस पिकले आणि गाडीचे छत विरले. काही सुटे भागही मिळेनासे झाले.

घसारा वजा जाता हिशेबाच्या वहीत अशा मोटारीची किंमत जवळजवळ शून्य. (वहीला याहून अधिक कळत नाही.) माझदाने मात्र २०१७ मध्ये या पहिल्या पिढीच्या गाड्यांच्या जीर्णोद्धाराची सेवा जपानमध्ये जाहीर केली. घडीचे छत, लाकडी स्टिअरिंग, एवढेच काय, ब्रिजस्टोनकडून मूळ नमुन्याचे टायरही नव्याने घडविले गेले. संपूर्ण कामाचा खर्च नव्या रोडस्टरच्या किमतीहून अधिक. तरीही मालकांनी अर्ज केले.