मनकवडेपणाची पहिली पोथी

नंदीबैल दारात आला की माजलगावकडच्या गावांत त्याला प्रश्न विचारल्याशिवाय कुणी सोडत नाही. ‘यंदा पाऊस बरा व्हईल का?’ ढोलावर गुबुगुबु वाजतं, नंदी मान डोलावतो. ‘पोरीचं लगीन जमंल का?’ पुन्हा मान हलते. झूल पांघरलेल्या त्या जनावराला आपल्या मनातलं कसं कळतं? त्याला कळतो तो मालकाचा इशारा: कासऱ्याचा हलका ओढा, ढोलाची बदललेली चाल, आवाजातला चढ.

यापुढची गोष्ट जास्त चक्रावणारी आहे. १९०४ च्या सुमारास बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितांची उत्तरं देत असे. त्याचा मालक प्रामाणिक होता, त्याने घोड्याला कसलाच इशारा शिकवला नव्हता. ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने कसून चाचण्या घेतल्या, तेव्हा दिसलं की विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर घोडाही अडतो. खुराचे ठोके बरोबर आकड्याला पोचले की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर होई आणि हान्स थांबे. गुपित कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःची मान आवरता येईना! आपलं शरीर आपल्या मागे चुगली करत असतं.

मन वाचल्याचा आभास निर्माण करणाऱ्या कलेला, मेंटॅलिझमला, असे थोडेच पाये आहेत आणि ते जुन्या ग्रंथांत नीट रचून ठेवलेले आहेत. ब्रिटनच्या टोनी कोरिंडाचं ‘थर्टीन स्टेप्स टू मेंटॅलिझम’ हे त्यांतलं सर्वांत नावाजलेलं. आधी तेरा सुट्या पुस्तिका निघाल्या, मग एक जाडजूड ग्रंथ झाला. त्याची दुसरी पायरी स्पर्शावरून आणि स्नायूंच्या हालचालीवरून विचार ताडण्याची आहे, म्हणजे हान्सचीच विद्या. तिसरी स्मरणशक्तीची. बोलण्याची आणि सादरीकरणाची पायरी अगदी शेवटी, तेरावी. आज मोबाइलवर एखादा खेळ बघून शिकणारा पोरगा नेमकी तेरावी पायरी आधी चढतो. खेळ फसला की त्याच्याकडे दुसरी वाट नसते, कारण खेळाखालचं तत्त्व त्याला ठाऊकच नसतं.

आकड्यांच्या तत्त्वासाठी मात्र लंडनला जायला नको. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’ लिहिली. त्यांचं गाव विज्जडविड नेमकं कुठलं यावर वाद आहे. काही जण ते चाळीसगावजवळ दाखवतात, तर काही थेट आपल्या बीडवर बोट ठेवतात. या ग्रंथात ‘इष्टकर्म’ नावाची रीत आहे. तिच्यातल्या एका उदाहरणाचा खेळ करून पाहा. समोरच्याला एक संख्या मनात धरायला सांगा. तिची पाचपट करून त्यातून तिसरा हिस्सा वजा करायचा. उरेल त्याला दहाने भागायचं. मग त्यात मूळ संख्येचा तिसरा हिस्सा, निम्मा आणि पाव मिळवायचा. त्याने उत्तर ‘६८’ सांगितलं की तुम्ही म्हणायचं, ‘मनात ४८ होते.’

एवढ्या आडवळणांनंतर आकडा सापडतो कसा? भास्कराचार्य सांगतात, सोयीची कुठलीही संख्या घेऊन तेच गणित स्वतः करा. १२ घेतले तर उत्तर येतं १७. हे प्रमाण कधीच बदलत नाही. म्हणून सांगितलेल्या उत्तराला १७ ने भागा, १२ ने गुणा, झालं. समोरच्याला वाटतं आपण मोकळे हिंडलो, पण त्याची पायवाट तुम्हीच आखलेली असते.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी तर भाकिताचीच सोय करून ठेवली. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. तीन अंक उरले तर पुढे शून्य धरा. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतात आणि मग हलत नाहीत. पाकिटात आधीच ६१७४ लिहून ठेवणाऱ्याला सभा मनकवडा म्हणणार नाही तर काय?

राहिले शब्द. १९४८ मध्ये अमेरिकेत बर्ट्रम फोरर या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘खास तुझं’ म्हणून स्वभाववर्णन दिलं. मजकूर सगळ्यांना एकच होता, तोही भविष्याच्या बाजारू पुस्तकातून उचललेला. विद्यार्थ्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले! ‘तू सगळ्यांसाठी झटतोस, पण तुझ्या कष्टाचं चीज होत नाही’ हे वाक्य कुठल्याही बाजारात उच्चारून बघा. दहा माना वळतील.

शरीर, आकडा आणि शब्द ही तीन तत्त्वं कळली की बुवाच्या दरबारातही घाबरायला होत नाही. हीच विद्या कलावंत करमणूक म्हणून दाखवतो, भोंदू सिद्धी म्हणून विकतो. मूळ ग्रंथ वाचलेल्याला दोघांच्या हातातलं सामान एकच दिसतं.

तुमची तयारी कितपत झाली? शेजाऱ्याने इष्टकर्माचा तोच खेळ केला आणि उत्तर १०२ सांगितलं. बोला, त्याच्या मनात काय होतं?