स्कोअर सोडा, पोरं बघा!

अमेरिकन फुटबॉलमधल्या प्रीसीझन मॅचेसना काडीचाही अर्थ नसतो, असं सगळेच म्हणतात. मग मॅच संपल्यावर प्रत्येक खेळाडूच्या कामगिरीचा एवढा कीस का पाडला जातो?

ऑगस्ट महिन्यातली कुठलीही शनिवारची रात्र घ्या आणि अमेरिकेतलं कुठलंही मोठं स्टेडियम. मॅचचं चौथं आणि शेवटचं क्वार्टर सुरू आहे. स्टार खेळाडू केव्हाच हेल्मेट काढून, डोक्यावर कॅप चढवून मैदानाच्या कडेला गप्पा मारतायत. अर्धं पब्लिक ट्रॅफिक चुकवायला पार्किंगच्या दिशेने पळालंय. आणि तरीही काही मंडळी खुर्चीला चिकटून बसलीयत. हातात खेळाडूंची यादी, नजर मैदानावर. ज्याचं नाव शेजाऱ्यालाही धड माहीत नाही असा एक पोरगा अंग झोकून पास पकडतो, आणि ही मंडळी अशी ओरडतात जणू वर्ल्डकपच जिंकला!

वेडी आहेत का ही? अजिबात नाही. त्यांच्या दृष्टीने खरी मॅच आत्ता कुठे सुरू झालीय.

९० जण, ५३ जागा

आधी थोडं गणित. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये ३२ टीम्स. उन्हाळ्यातल्या कॅम्पमध्ये प्रत्येक टीमला ९० खेळाडू ठेवता येतात. सप्टेंबरात खरा सीझन सुरू होतो तेव्हा जागा असतात फक्त ५३. म्हणजे प्रत्येक टीममधून ३७ जणांना नारळ! पूर्वी ही छाटणी टप्प्याटप्प्याने व्हायची. २०२३ पासून ती एका दमात होते, ऑगस्टअखेरच्या मंगळवारी. ३२ गुणिले ३७. एका दिवसात जवळपास १,२०० जणांची नोकरी जाते. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी कंपनीचा अख्खा स्टाफच समजा.

यातल्या काही जणांना ‘प्रॅक्टिस स्क्वॉड’मध्ये जागा मिळते. म्हणजे सराव टीमबरोबर करायचा, पण मॅचच्या दिवशी बहुतेक वेळा बाहेरूनच बघायचं. पैशांतला फरक तर डोळे पांढरे करणारा. २०२४ च्या सीझनमध्ये ५३ मध्ये आलेल्या अगदी नवख्या खेळाडूचा किमान वार्षिक पगार होता ७ लाख ९५ हजार डॉलर्स. प्रॅक्टिस स्क्वॉडमधल्या नवख्याला आठवड्याला १२,५०० डॉलर्स, तेही तिथे टिकला तेवढेच आठवडे. आणि जो दोन्हीकडे बसला नाही, त्याला बाय-बाय. पगाराचे चेक सीझन सुरू झाल्यावरच निघतात. प्रीसीझनमध्ये हातात पडतो तो नुसता भत्ता.

बरं, स्वतःला सिद्ध करायला वेळ किती? पूर्वी प्रत्येक टीमच्या चार प्रीसीझन मॅचेस असायच्या. २०२० मध्ये कोरोनामुळे त्या रद्दच झाल्या आणि २०२१ पासून तीनवर आल्या, कारण खऱ्या सीझनची एक मॅच वाढली. म्हणजे कॉलेजमधून आलेल्या, ड्राफ्टमध्ये कुणीही न निवडलेल्या पोराच्या वाट्याला येतात मोजून काही मिनिटं. तेवढ्यात काय ते दाखव!

स्कोअर? तो कोण बघतो!

मुरलेला फॅन आणि नवा फॅन यांच्यातला फरक इथेच कळतो. नवा फॅन विचारतो, ‘जिंकलो का?’ मुरलेला विचारतो, ‘तो तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक कसा खेळला?’

कारण निकालावर विश्वास ठेवून तोंडघशी पडल्याची उदाहरणं ढिगाने आहेत. २००८ मध्ये डेट्रॉइट लायन्सने प्रीसीझनच्या चारही मॅचेस जिंकल्या. शहरात काय जल्लोष! मग खरा सीझन सुरू झाला आणि लायन्स १६ पैकी १६ मॅचेस हरले. १६ मॅचेसच्या सीझनमध्ये असा पराक्रम करणारी ती पहिली टीम. दुसरी कोण? २०१७ चे क्लीव्हलँड ब्राउन्स. प्रीसीझनमध्ये ४-०, सीझनमध्ये ०-१६. सेम टू सेम!

बाल्टिमोर रेव्हन्सने तर २०१६ ते २०२३ या काळात लागोपाठ २४ प्रीसीझन मॅचेस जिंकल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये वॉशिंग्टनने एका पॉइंटने ही मालिका तोडली. त्या सगळ्या वर्षांत रेव्हन्सला सुपर बोल किती मिळाले? शून्य.

कारण सोपं आहे. या मॅचेसमध्ये कोच आपले खास डावपेच लपवून ठेवतात आणि महागडे खेळाडू जपून ठेवतात. रणजीच्या मोसमाआधीच्या सराव सामन्यात कॅप्टन सगळ्यांना बॅटिंग देतो ना, तसंच. तिथे टीम जिंकली का, यापेक्षा नवा डावखुरा स्पिनर कसा पडला, याचीच चर्चा जास्त.

मार्क कसे द्यायचे?

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तपासणी सुरू होते. स्पोर्ट्स बारमध्ये, ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी, गाडीतल्या रेडिओवर. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएफएएनसारख्या फक्त खेळावर बोलणाऱ्या स्टेशनांवर फॅन्स फोन लावून आपापली मतं ठणकावतात. भाषा थेट शेअर बाजाराची. अमक्याचा भाव वर, तमक्याचा भाव खाली.

यात दोन जाती ठरलेल्या. एक स्वप्नाळू, ज्याला प्रत्येक नव्या पोरात पुढचा सुपरस्टार दिसतो. दुसरा कायम रडका, ज्याला एका सुटलेल्या पासवरून अख्ख्या सीझनची वाट लागलेली दिसते. या दोघांच्या मधे एक तिसरा असतो. कमी बोलतो, पण तो बोलला की बाकीचे ऐकतात. कारण तो एकच प्रश्न विचारतो: ‘हे सगळं कोणाविरुद्ध?’

आणि हाच प्रश्न महत्त्वाचा आहे. पहिल्या क्वार्टरमध्ये समोर प्रतिस्पर्ध्यांचे मुख्य खेळाडू असू शकतात. चौथ्यात समोर असतात ते पुढच्या आठवड्यात कदाचित घरी बसणारे. तिथे तीन टचडाऊन करणं आणि पहिल्या फळीविरुद्ध एक अवघड पास पकडणं, यात जमीन-अस्मानाचा फरक. स्वतःचा क्वार्टरबॅक कोण होता, तेही बघावं लागतं. पास डोक्यावरून चार फूट उंच गेला, तर पकडणाऱ्याला नापास कसं करणार?

शिवाय टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे धावतो. बॉलपासून लांब, जिथे एखादा पोरगा आपल्या माणसाला जागचा हलूही देत नाही, ते दिसतच नाही. कोच मंडळी मैदानावरचे बावीसच्या बावीस खेळाडू दाखवणारं चित्रण बघतात. २०१२ पासून एनएफएलने ते पैसे भरणाऱ्या प्रेक्षकांनाही खुलं केलं, आणि फॅन्सच्या वादांचा दर्जा बदलला. आता बारमधला माणूसही खेळाडूच्या पावलांच्या ठेवणीवर बोलतो!

ऑगस्टने ज्यांचं नशीब फिरवलं

तरीही फॅन्सचं वेड उगाच नाही. १६ ऑगस्ट २०१० ची रात्र. न्यू जर्सीतल्या कोऱ्या करकरीत स्टेडियममधली पहिलीवहिली फुटबॉल मॅच, जायंट्स विरुद्ध जेट्स. जवळच्याच पॅटरसन गावच्या व्हिक्टर क्रूझला ड्राफ्टमध्ये कुणीही घेतलेलं नव्हतं. त्या रात्री त्याने ६ पास पकडले, १४५ यार्ड्स काढले, ३ टचडाऊन केले. दुसऱ्या दिवशी गावात एकच नाव. क्रूझ टीममध्ये आला... आणि त्या सीझनमध्ये दुखापतीमुळे जेमतेम ३ मॅचेस खेळला. पकडलेले पास? एकही नाही. ‘बघा, प्रीसीझनचा हिरो!’ म्हणणाऱ्यांना आयतं कोलीतच मिळालं. पण २०११ मध्ये त्याने १,५३६ यार्ड्स काढून जायंट्सचा विक्रम मोडला. २४ डिसेंबरला त्याच मैदानात, त्याच जेट्सविरुद्ध, ९९ यार्ड्सचा टचडाऊन ठोकला. आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये जायंट्स सुपर बोल जिंकले. फॅन्सचं बरोबर होतं. फक्त घाई झाली होती.

टेरेल डेव्हिसची कथा आणखी भारी. १९९५ च्या ड्राफ्टमध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोसने त्याला थेट सहाव्या फेरीत घेतलं. प्रीसीझनची एक मॅच टोकियोत होती. संधी मिळत नाही म्हणून सगळं सोडून घरी जावं, असं तेव्हा आपल्या मनात आलं होतं, हे त्यानेच नंतर सांगितलंय. त्या मॅचमध्ये किकऑफच्या वेळी त्याने असा दणदणीत टॅकल केला की कोच सावरून बसले. गंमत म्हणजे डेव्हिस होता रनिंग बॅक. त्याचं काम बॉल घेऊन पळणं, टॅकल करणं नव्हेच! पण तेवढ्या एका टक्करीने दार उघडलं. १९९८ मध्ये त्याने २,००८ यार्ड्स काढले, दोन सुपर बोल जिंकले आणि २०१७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

त्याच वर्षी त्याच्याबरोबर हॉल ऑफ फेममध्ये गेलेला कर्ट वॉर्नर. १९९४ मध्ये ग्रीन बे पॅकर्सने त्याला कॅम्पमधूनच परत पाठवलं. तिथे त्याच्यापुढे ब्रेट फार्व्ह होता, दुसरं काय होणार? वॉर्नर आयोवातल्या एका सुपरमार्केटमध्ये रात्रपाळीला शेल्फवर माल लावू लागला. पुढे बंदिस्त हॉलमधलं अरीना फुटबॉल खेळला आणि सेंट लुईस रॅम्सपर्यंत पोहोचला. ऑगस्ट १९९९ मध्ये प्रीसीझन मॅचमध्ये मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीनचा गुडघा गेला. शहराने कपाळाला हात लावला. पण त्याच सीझनमध्ये वॉर्नर लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि जानेवारी २००० मध्ये रॅम्सने सुपर बोल जिंकला.

टर्क आला रे!

पण या यशोगाथांच्या मागे न सांगितलेल्या हजारो कथा आहेत. ज्याची कपात होणार, त्याला बोलवायला येणाऱ्या टीमच्या माणसाला तिथे ‘टर्क’ म्हणतात. तो येऊन एवढंच सांगतो की कोचने बोलावलंय, प्लेबुक घेऊन चल. पुढचं सांगावं लागत नाही. २००१ पासून एचबीओच्या ‘हार्ड नॉक्स’ या मालिकेने या खोलीतले प्रसंग घराघरांत दाखवले. एवढे धिप्पाड गडी, पण आवाज पार बसलेला.

ते बघितल्यावर ‘काढा याला’ असं फटकन म्हणणं जरा जड जातं. प्रोबेशनवर असताना तीनच मीटिंग्ज मिळाल्या, त्यातल्या एकीत तुमचं प्रेझेंटेशन अडकलं, आणि तेवढ्यावरून तुमचं अप्रेझल झालं तर? वर ते करायला ऐंशी हजार लोक! म्हणून जाणकार फॅन मार्क देतो ते पेन्सिलने. चूक दिसली की ती अंगातली आहे की परिस्थितीची, ते तपासतो. आणि एका झकास रात्रीवरून कुणाला डोक्यावरही घेत नाही.

चौकट: पहिल्यांदाच बघताय? मग हे लक्षात ठेवा

• स्कोअरबोर्डकडे दुर्लक्ष करा. क्वार्टर कितवं आणि समोर कोण, एवढंच बघा.

• किकऑफ आणि पंटच्या वेळी चहा करायला उठू नका. राखीव खेळाडूंची जागा बऱ्याचदा तिथेच पक्की होते.

• पास सुटला? आधी फेकणाऱ्याकडे बघा, मग पकडणाऱ्याकडे.

• राखीव क्वार्टरबॅकच्या प्रेमात पडू नका. गावातला सगळ्यात लाडका खेळाडू तोच असतो, असं अमेरिकेत गमतीने म्हणतात. कारण त्याला हरताना कुणी पाहिलेलंच नसतं.

• एक अनोळखी नाव निवडा आणि तिन्ही मॅचेस फक्त त्यालाच बघा. छाटणीच्या मंगळवारी यादीत त्याचं नाव शोधताना छातीत धडधडलं, तर समजा, तुम्हाला हा खेळ कळायला लागला!