गाडीची किल्ली आणि मेट्रोचे कार्ड

मार्च २०२२ मध्ये पुण्यात मेट्रोचे पहिले दोन टप्पे सुरू झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये दोन्ही मार्ग जिल्हा न्यायालय स्थानकात जोडले गेले. मार्च २०२४ मध्ये वनाजहून निघणारी मेट्रो रामवाडीला पोहोचली आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर पिंपरीकडून येणारी मेट्रो भुयारातून मंडईमार्गे स्वारगेटला गेली. कोथरूडच्या ज्येष्ठांना डेक्कन, पुणे स्टेशन किंवा रुबी हॉल आता एकाच गाडीत बसून गाठता येते. त्यामुळे अनेक घरांत एक प्रश्न उभा राहिला आहे : आजवर स्वतः मोटार चालवत शहरात जाणाऱ्या आई-वडिलांनी आता मेट्रोने जावे काय?

या प्रश्नाचा विचार पेट्रोलच्या खर्चापेक्षा शरीराच्या बाजूने करणे अधिक हिताचे. विशीतील माणसाच्या तुलनेत साठीतील माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरच्या दिव्यांचा झोत डोळ्यांत पसरतो. मान आखडल्याने मागून येणारी दुचाकी वेळेवर दिसत नाही. दीर्घकाळच्या मधुमेहात तळपायाची संवेदना कमी होते आणि ब्रेकवर नेमका किती दाब पडला हे कळेनासे होते. इन्शुलिन घेणाऱ्यांची साखर गर्दीत अडकल्यावर अचानक उतरू शकते. झोपेच्या आणि सर्दीवरील काही गोळ्यांनी गुंगी येते, ती वेगळीच. चाळिशीनंतर परवान्याच्या नूतनीकरणासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. त्याकडे केवळ कागद म्हणून न पाहता ती खरी तपासणी मानावी.

मेट्रोत या चिंता नाहीत. मात्र तेथे निराळी काळजी घ्यावी लागते. जिल्हा न्यायालय स्थानकात एक मार्ग उंचावर, तर दुसरा जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे. तेथे मार्ग बदलताना सरकत्या जिन्याऐवजी उद्वाहनच वापरावे. दूरचे आणि जवळचे एकत्र दाखवणाऱ्या चष्म्याच्या खालच्या भागातून पायऱ्या अंधुक दिसतात. म्हणून उतरताना मान थोडी झुकवून काचेच्या वरच्या भागातून पाहावे आणि कठडा धरावा. साडीच्या निऱ्या व धोतराचा सोगा सावरावा. सैल चपलांऐवजी मागे पट्टा असलेली पादत्राणे घालावीत. दार बंद होत असेल तर धावू नये. पुढची गाडी काही मिनिटांत येते. डब्यात शिरताच प्रथम दांडा धरावा, मग आसन शोधावे.

या प्रवासाचा एक लाभ सहज लक्षात येत नाही. पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरापासून स्थानकापर्यंत जाणे-येणे भरभर चालून झाले, तर त्यातील काही हिस्सा सहज पदरात पडतो.

खरी अडचण असते ती पहिल्या आणि शेवटच्या अर्ध्या किलोमीटरची. उखडलेले पदपथ, त्यांवर लावलेल्या दुचाकी आणि रस्ता ओलांडण्याची धास्ती यांमुळे मेट्रो दाराशी येऊनही दूरच राहते. येथे कुटुंबाने मदत करावी. एखाद्या दिवशी दुपारी, गर्दी नसताना, सोबत जाऊन सबंध वाट पाहून यावी : रिक्षा कोठे मिळते, उद्वाहन कोणत्या दाराशी आहे, प्रसाधनगृह कोठे आहे. पिशवीत पाणी, औषधांची यादी, घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक आणि मधुमेह असल्यास साखर असावी. अशा दोन-तीन फेऱ्यांनंतर बहुतेकांना सोबतीची गरज उरत नाही.

काही वेळा मोटारच योग्य. बाहुली मोठी करणारे थेंब डोळ्यांत घालायचे असतील, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा चक्कर येत असेल, तर दुसऱ्या कोणी गाडी चालवावी. छातीत दुखणे, अचानक धाप लागणे, तोंड वाकडे होणे अशा वेळी मेट्रो नको आणि स्वतःची गाडीही नको. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सर्वांत नाजूक विषय किल्लीचा. गाडीवर नवे ओरखडे दिसणे, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर यांत गफलत होणे ही बोलण्याची वेळ आल्याची चिन्हे होत. परंतु चारचौघांत किल्ली काढून घेऊ नये. वाहन चालवणे थांबल्यावर अनेक वृद्धांत उदासीनता वाढते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. कारण गाडीबरोबर मित्रांची बैठक, मंडईतील भाजी आणि स्वतःच्या मर्जीने बाहेर पडणे हेही जाते. म्हणून आधी पर्याय हाती द्यावा आणि मग गाडी टप्प्याटप्प्याने कमी करावी : प्रथम रात्रीची, नंतर पावसातली, त्यानंतर पेठांतल्या गर्दीतली. निर्णय त्यांनीच घ्यावा, डॉक्टरांचा सल्ला जोडीला असावा.

तेव्हा “बाबा, आता गाडी चालवू नका” असे सांगण्यापूर्वी “बाबा, उद्या मेट्रोने मंडईत जाऊ या का?” असे विचारावे. जो माणूस कोणावर अवलंबून न राहता मंडईत जाऊन परत येऊ शकतो, त्याला किल्ली खाली ठेवणे तितके जड जात नाही.