नाथसागराची शिल्लक

पुढील अवर्षणाची बेगमी करावी की हाती आलेले पाणी यंदाच्या रब्बीस देऊन मोकळे व्हावे, हा पैठणच्या जायकवाडी धरणावर दरसाल उभा राहणारा पेच संसारी माणसाच्या बचतीच्या पेचाहून फारसा निराळा नाही. १९६५ साली लालबहादुर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झालेल्या या धरणाच्या सुमारे १०२ अब्ज घनफूट साठ्यापैकी २६ अब्ज घनफूट मृतसाठा, म्हणजे एरवी हात न लावायची गंगाजळीच. परंतु राखलेल्या पाण्यावर व्याज मिळत नाही, उलट मुद्दलच झिजते. कारण बाष्पीभवन खोलीवर नव्हे, उघड्या पृष्ठभागावर ठरते, आणि सपाट मुलखात पसरलेला या धरणाचा उथळ जलाशय, नाथसागर, भरला म्हणजे सुमारे ३५० चौरस किलोमीटर व्यापतो. तेव्हा वेळेवर सोडलेले आवर्तन ही, माझ्या मते, उधळपट्टी नव्हे. ऊन जे फुकट नेणार, त्यातले थोडे ज्वारी आधी पिते. काठ ओसरला की ओल्या गाळावर गाळपेरा होतो, तो वेगळाच.