लिथियम बॅटरी आणि पूरक जनरेटर : मित्रकीटक पैदास केंद्रासाठी योग्य जुळणी

ट्रायकोग्रामा या परोपजीवी मित्रकीटकाच्या पैदाशीत तापमान हा कळीचा घटक आहे. पैदास कक्षात साधारणतः २५ ते २७ अंश सेल्सिअस तापमान राखावे लागते, तर तयार ट्रायकोकार्डे वापर होईपर्यंत सुमारे १० अंशांवर फ्रीजमध्ये ठेवली जातात. फ्रीज दीर्घकाळ बंद राहिल्यास प्रौढ कीटक वेळेआधीच बाहेर पडतात आणि शेतात पोहोचण्यापूर्वीच कार्ड निरुपयोगी ठरते. वीजजोडणी नसलेल्या ठिकाणी असे केंद्र सौरपॅनेल व लिथियम बॅटरीवर चालवता येते. मात्र खरीप पिकांना कार्डांची गरज असते त्याच काळात ढगाळ दिवस सलग येतात आणि सौरऊर्जा अपुरी पडते. अशा वेळी पूरक जनरेटर उपयोगी पडतो. तो कसा निवडावा व किती वेळ चालवावा, याचा विचार येथे केला आहे.

शिसे-आम्ल आणि लिथियम यांतील फरक

शिसे-आम्ल बॅटरी सुमारे ८० टक्के भरल्यानंतर अत्यल्प प्रवाह स्वीकारते. उरलेले २० टक्के भरण्यास अनेक तास लागतात आणि तेवढा वेळ जनरेटर अल्प भारावर चालतो. डिझेल इंजिन दीर्घकाळ ३० टक्क्यांहून कमी भारावर चालल्यास इंधनाचे ज्वलन अपुरे होते, काजळी साचते आणि प्रत्येक युनिटमागे डिझेलही अधिक लागते. याउलट लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत एकसमान प्रवाह घेते. तिला दररोज पूर्ण भरण्याची आवश्यकताही नसते. म्हणून बॅटरी २० टक्क्यांवर आली की जनरेटर सुरू करावा, ८० टक्क्यांवर बंद करावा आणि पुढचे काम सूर्यावर सोपवावे.

क्षमतेचे गणित

५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास बॅटरीत ५.१२ युनिट ऊर्जा साठते. २० ते ८० टक्के या टप्प्यासाठी ६० अँपिअर-तास लागतात. ४० अँपिअरने चार्ज केल्यास हे काम दीड तासात होते. सुमारे ५४ व्होल्टला ४० अँपिअर म्हणजे २.१६ किलोवॉट. चार्जरची कार्यक्षमता ९० टक्के धरल्यास जनरेटरवर २.४ किलोवॉट भार येतो. त्यात फ्रीज व कक्षाचा ०.५ किलोवॉट भार मिळवला की एकूण भार २.९ किलोवॉट होतो. ५ केव्हीए, म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरला ४ किलोवॉटचा जनरेटर येथे ७० टक्क्यांच्या आसपास भारावर चालतो. ही स्थिती इंजिनाला मानवणारी आहे.

चार्जरचा पॉवर फॅक्टर अवश्य पाहावा. तो ०.६५ असेल तर त्याच २.४ किलोवॉटसाठी सुमारे ३.७ केव्हीए लागतात. उंचीनुसारही जनरेटरची क्षमता घटते. ढोबळमानाने दर ३०० मीटरला ३ टक्के घट धरावी. लडाखमधील ३,५०० मीटर उंचीवर ही घट एक तृतीयांशापर्यंत जाते.

चार्जरची मांडणी

• चार्जरवर लिथियम आयर्न फॉस्फेट हा पर्याय निवडावा. १६ सेलच्या संचासाठी कमाल विद्युतदाब सामान्यतः ५५ ते ५७ व्होल्टच्या दरम्यान असतो. अंतिम आकडा उत्पादकाच्या पत्रकातून घ्यावा. शिसे-आम्ल बॅटरीसाठीची इक्वलायझेशन सुविधा बंद ठेवावी.

• इन्व्हर्टर-चार्जरमध्ये जनरेटरकडून घ्यावयाच्या प्रवाहाची मर्यादा निश्चित करावी, अन्यथा जनरेटरवर अतिभार येऊन तो बंद पडतो.

• लिथियम बॅटरीचा विद्युतदाब मधल्या टप्प्यात जवळजवळ स्थिर राहतो. त्यामुळे केवळ व्होल्टमीटरवरून शिल्लक चार्जचा अंदाज येत नाही. शंटवर आधारित मापक बसवावा. मापक अचूक राहण्यासाठी व सेल समतोल राखण्यासाठी उन्हाच्या दिवसांत बॅटरी अधूनमधून पूर्ण भरू द्यावी.

• शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज करू नये. ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचून क्षमता कायमची घटते. लडाख, स्पितीसारख्या प्रदेशांत बॅटरी उबदार खोलीत ठेवावी आणि कमी तापमानात चार्जिंग रोखणारी बीएमएस असलेलीच बॅटरी घ्यावी.

सुरक्षितता

जनरेटर नेहमी उघड्यावर, पैदास कक्षापासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूस ठेवावा. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड माणसास प्राणघातक असतो. धूर व डिझेलची वाफ कक्षात शिरल्यास कीटकांनाही अपाय होतो. जनरेटर इन्व्हर्टरच्या इनपुटलाच जोडावा, आउटपुटला कधीही नाही. अर्थिंगची तपासणी परवानाधारक तंत्रज्ञाकडून करून घ्यावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी केंद्रास भेट देताना जनरेटरच्या नोंदवहीत रोजचे तास, सुरुवातीचा व शेवटचा चार्ज आणि डिझेलचा खप हे तीन रकाने पाहावेत. वरील उदाहरणातील संचासाठी दीड तासाऐवजी चार-पाच तासांची नोंद वारंवार दिसत असेल, तर चार्जरची प्रवाहमर्यादा व मांडणी प्रथम तपासावी. ही तपासणी पावसाळ्यापूर्वी झाल्यास ऐन हंगामात कार्डांची तुकडी वाया जाण्याचा धोका टळतो.