धावताना छातीत दुखतंय?
मुंबई मॅरेथॉनची प्रॅक्टिस जोरात? झकास! पण पाचव्या किलोमीटरला छाती आवळते आणि थांबलं की बरं वाटतं, असं होतंय का? मग ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत गोळी चघळू नका.

अमेरिकेला जॉगिंगचं वेड लावणारा जिम फिक्स १९८४मध्ये धावतानाच गेला, अवघ्या ५२व्या वर्षी. हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या निघाल्या. वडीलही ४३व्या वर्षी हृदयविकारानेच गेले होते.

दुखणं स्नायूचं किंवा दम्याचंही असू शकतं. पण पडून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सुटलात, असं नाही. त्रास पळताना होतो ना? मग डॉक्टरांसमोर ट्रेडमिलवर स्ट्रेस टेस्ट करा. तरुणांमध्ये कधी रक्तवाहिनी जन्मतःच भलत्या जागेहून निघते; ती सीटी अँजिओत दिसते. रिपोर्ट येईपर्यंत शूज कपाटात!